नामदार गोखले : मत नसलेल्यांचे प्रतिनिधि

निवडणुकीचे दिवस आले, म्हणजे आपल्या तिसगांवावरून पाथर्डीकडे व नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रचाराच्या गाड्या धांवूं लागतात, आणि कोणास तरी निवडून दिल्लीस पाठवावयाचें आहे हें शाळेंतील लहान मुलांसही कळतें. महाराष्ट्र राज्य आज लोकसभेंत ४८ व राज्यसभेंत १९ सभासद पाठवितें. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत लोकसभेचे अहमदनगर व शिर्डी असे दोन मतदारसंघ असून तिसगांव त्यांपैकीं पहिल्यांत मोडतें. ज्यास १८ वर्षें पूर्ण झालीं अशा प्रत्येक नागरिकास मत आहे. मग तो बागाईतदार असो, कीं दरसाल ऊंसतोडणीस जाणारा मजूर असो. स्त्रियांस व पुरुषांस मत सारखेंच. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ती पहिल्यापासून अशीच चालत आली असावी, असें विद्यार्थ्यांस वाटण्याचा संभव आहे.

वस्तुस्थिति फार निराळी होती. १९०२ सालीं महाराष्ट्र, गुजरात, सिंध व उत्तर कर्नाटक मिळून झालेल्या मुंबई इलाख्यांत दीड कोटीहून अधिक लोक राहत होते. आणि त्या इलाख्याच्या प्रांतिक कौन्सिलानें निवडून वरिष्ठ कायदेकौन्सिलांत पाठविलेला असा सभासद एकच होता. त्या वर्षीं ती जागा ज्यांनीं घेतली, त्या गोपाळ कृष्ण गोखले यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे. ज्या लोकांस मत देण्याचा अधिकारच नव्हता, त्यांचा प्रतिनिधि कसा असावा, हें त्या चरित्रावरून शिकण्यासारखें आहे.

त्या जागेचा पूर्वइतिहास आधीं पाहूं. १८६१ च्या कायद्यानें व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलांत कांहीं हिंदी गृहस्थ घेतले जाऊं लागले. परंतु ते सरकारनेंच नेमलेले असत, आणि त्यांत राजेरजवाडे व जमीनदार यांचाच भरणा असे. पहिल्या तीन हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे मराठी गृहस्थ होते. तथापि ते कोणत्याही प्रांतानें पाठविलेले नव्हते. १८९२ सालीं दुसरा कायदा झाला. त्यानें अतिरिक्त सभासदांची संख्या जास्तींत जास्त १६ पर्यंत वाढविली, आणि प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर भाषण करण्याची मुभा दिली. मुंबई, मद्रास, बंगाल व वायव्य प्रांत यांच्या प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं प्रत्येकीं एक नांव सुचवावें, असेंही ठरलें. म्हणजे मतदार काय ते हे मूठभर गृहस्थ. शेतकरी, विणकर, शाळामास्तर यांपैकीं कोणासही त्यांत स्थान नव्हतें. मुंबईच्या ह्या जागेवर प्रथम सर फिरोजशहा मेहता यांनीं नांव मिळविलें. आणि प्रकृतीच्या कारणानें त्यांनीं ती सोडल्यावर गोखल्यांची निवड झाली. त्या वेळीं त्यांचें वय ३६ वर्षांचेंही नव्हतें.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक ह्या खेड्यांत झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानांत लहानशा नोकरीवर होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असतां वडील वारले, आणि सर्व कुटुंबाचा भार थोरले बंधु गोविंदराव यांच्यावर पडला. त्यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून कागल येथें दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. व त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरांत शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवीत असत. उरलेल्या ७ रुपयांत त्या घराचा संसार कसा चालला असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. हा ८ रुपयांचा हिशेब गोखले जन्मभर विसरले नाहींत. पुढें कोट्यवधि रुपयांच्या अंदाजपत्रकावर बोलतांनाही त्यांची दृष्टि गरिबाच्या एकेका आण्यावर असे, त्याचें मूळ येथें सांपडतें.

कोल्हापूर, पुणें व मुंबई अशा तीन ठिकाणीं शिकून ते १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले. त्या काळीं पदवीधरास सरकारी नोकरी सहज मिळे, व वकिलींत तर पैसा मुबलक होता. परंतु गोखल्यांनीं पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षकाची जागा पत्करली. आणि पुढें डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजांत अल्प वेतनावर शिकविण्याचें व्रत घेतलें. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येई तो ते मेहनतीनें तयार करीत. शाळांसाठीं त्यांनीं तयार केलेलें अंकगणिताचें पुस्तक पुष्कळ वर्षें चाललें. १९०२ सालीं ते कॉलेजांतून निवृत्त झाले, तेव्हां त्यांस मिळालेलें निवृत्तिवेतन दरमहा ३० रुपये होतें.

ह्याच काळांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं त्यांचा संबंध आला, आणि त्यांच्या आयुष्यास वळण लागलें. रानड्यांनीं त्यांस भाषणें करण्यापूर्वीं वाचावयास शिकविलें. सरकारी अहवाल, खानेसुमारीचे आंकडे, जमाखर्चाचीं पत्रकें हें सारें घेऊन रानडे त्यांच्याकडून टांचणें करवून घेत व एकेक वाक्य तपाशीत. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचें संपादन गोखल्यांकडे आलें, तेंही अशाच कसोटीस उतरून. सरकारचे दोष सरकारच्याच आंकड्यांनीं दाखवावयाचे, ही त्यांची पुढील पद्धति ह्या गुरुगृहीं तयार झाली.

१८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास ते विलायतेस गेले. ती साक्ष उत्तम वठली. परंतु त्याच वेळीं पुण्यांत प्लेगचा कहर चालला होता, व घरें तपासणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या वर्तनाविषयीं तक्रारींचीं पत्रें त्यांस येत होतीं. त्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनीं तेथील वर्तमानपत्रांतून गंभीर आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर सरकारनें पुरावा मागितला. पत्रें लिहिणारांचीं नांवें उघड करणें शक्य नव्हतें, आणि पुरावा हातीं नव्हता. तेव्हां गोखल्यांनीं कांहींही आडपडदा न ठेवतां जाहीर माफी मागितली. पुण्यांतील पुष्कळांनीं त्यांस भित्रे ठरविलें. जे काल हार घालण्यास सिद्ध होते, ते तोंड फिरवूं लागले. गोखल्यांनीं तें सारें मुकाट्यानें सोसलें, व दुसऱ्या वर्षीं प्लेग-निवारणाच्या कामांत स्वयंसेवक म्हणून स्वतःस वाहून घेतलें. जें सिद्ध करतां येत नाहीं तें सार्वजनिक ठिकाणीं बोलूं नये, हा धडा ह्या प्रसंगीं त्यांनीं फार महाग किंमत देऊन घेतला. पुढील अठरा वर्षांत त्यांच्या भाषणांतील आंकडे सरकारी अधिकारीही सावधपणें हाताळीत, त्याचें एक कारण हा धडा होय.

१८९९ सालीं ते मुंबईच्या प्रांतिक कौन्सिलांत निवडून आले. तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत दख्खनचे जिल्हे होरपळून निघाले, आणि आपला नगर जिल्हा त्यांतलाच. सारा थकलेल्या शेतकऱ्याच्या जमिनी सरकारजमा होत होत्या. १९०१ सालीं सरकारनें असें बिल आणलें कीं, अशा जमिनी पुन्हां लावून देतांना ती विकण्याचा अगर गहाण ठेवण्याचा हक्क शेतकऱ्यास देऊं नये. सावकाराच्या पाशांतून शेतकरी सोडविणें हा सरकारचा सांगितलेला हेतु होता. गोखल्यांचें म्हणणें असें कीं, ज्याची पत नाहींशी केली त्याचें कर्ज नाहींसें होत नाहीं. अडचणीच्या वेळीं त्यास दुसरें कोण पैसे देणार, तें आधीं ठरवावें. बिल लोकमतासाठीं थांबविण्याची सूचना सरकारी बहुमतानें फेटाळली गेली, तेव्हां मेहता, गोखले वगैरे लोकपक्षाचे सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. बिल पास झालेंच. पण कोरडवाहू जमीन कसणाऱ्याच्या वतीनें कोणी तरी उठून बोललें, ही गोष्ट इलाखाभर पसरली.

यानंतर गोखले कलकत्त्यास गेले. त्या वेळीं हिंदुस्थानची राजधानी कलकत्ता होती, व हिवाळ्यांत वरिष्ठ कौन्सिलाच्या बैठकी तेथें भरत. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानीं, सभोंवार सरकारी सभासदांचें कायम बहुमत. अंदाजपत्रकावर बोलतां येई, पण मत देतां येत नसे. एका पैचाही फेरफार सुचवितां येत नसे. अंदाजपत्रकाची चर्चा म्हणजे बहुधा शिष्टाचाराचा समारंभ होऊन बसला होता, आणि खजिन्यांत शिल्लक असली म्हणजे तर अर्थमंत्र्यांचें अभिनंदन ठरलेलेंच.

२६ मार्च १९०२ रोजीं गोखल्यांनीं आपलें पहिलें अंदाजपत्रकी भाषण केलें. त्याच्या तयारींत त्यांस एका शाळेच्या हेडमास्तरांचें मोठें साहाय्य झालें. गणेश व्यंकटेश जोशी हे ते गृहस्थ होत; सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी ते निराळे. सरकारी आंकड्यांचा जोशी मास्तरांइतका अभ्यास त्या वेळीं देशांत फार थोड्यांचा होता. त्या सालीं सरकारी खजिन्यांत ७ कोटी रुपयांची शिल्लक पडली होती. गोखल्यांनीं तिचें अभिनंदन करण्याचें नाकारलें. लोक दुष्काळानें व प्लेगनें गांजलेले असतां खजिना भरतो, याचा अर्थ देश संपन्न आहे असा नसून, लागतो त्याहून अधिक कर लोकांकडून घेतला जात आहे असा आहे, हें त्यांनीं एकामागून एक वर्षांचे आंकडे मांडून दाखविलें. रुपयाचा भाव कृत्रिम रीतीनें चढा ठेवल्यामुळें विलायतेस पाठवावयाच्या रकमेंत सरकारची बचत होते, पण करांचें ओझें मात्र पूर्वींचेंच राहतें, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शिल्लक राहते तर कर कमी करा, नाहीं तर ती शिक्षण व आरोग्य यांवर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती.

ह्या मागणीचें सर्वांत ठळक उदाहरण मिठाचें. १८८८ पासून मिठावर दर मणास अडीच रुपये कर होता. मीठ राजाच्या ताटांत पडतें तसें भिकाऱ्याच्या भाकरीबरोबरही पडतें. म्हणून ह्या कराचा बोजा ज्याच्याजवळ सर्वांत कमी त्याच्यावर सर्वांत अधिक. कर चढा असला म्हणजे गरीब लोक मीठच कमी खातात व गुरांस तर तें मिळतच नाहीं, हें गोखले खपाच्या आंकड्यांवरून सिद्ध करीत; आणि दरसाल तोच विषय पुन्हां पुढें आणीत. १९०३ सालीं कर दोन रुपये झाला, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं एक रुपया. १९०३ सालींच प्राप्तीवरील करांतून वार्षिक हजार रुपयांच्या आंतील उत्पन्न वगळण्यांत आलें. हें सर्व श्रेय एकट्या गोखल्यांचें, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. राष्ट्रीय सभा व इतर सभासदही हें मागत होते. परंतु ज्या सभागृहांत मत देण्याची सोय नव्हती, तेथेंही बिनचूक आंकड्यांनीं सरकारास हलवितां येतें, हें त्यांनीं दाखविलें. तिसगांवच्या बाजारांत त्या काळीं मीठ घेणाऱ्या कोणत्याही माउलीनें गोखल्यांस मत दिलेलें नव्हतें. तिला त्यांचें नांवही ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तथापि तिचें मीठ स्वस्त व्हावें म्हणून कलकत्त्यास कोणी तरी झगडत होतें.

१९०५ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत अत्यंत महत्त्वाचें ठरलें. १२ जून रोजीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, आणि डिसेंबरांत बनारसच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. त्यांचे व लोकमान्य टिळकांचे मार्ग भिन्न होते. सरकारशीं वाद घालून, समजावून, पायरीपायरीनें हक्क मिळवावे असें गोखल्यांस वाटे. लोकांच्या संघटित बळावांचून सरकार हलणार नाहीं असें टिळकांस वाटे. १९०७ सालीं सुरतेस राष्ट्रीय सभा फुटली, त्याच्या मुळाशीं हाच मतभेद होता. दोघांच्याही देशप्रेमाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं वरिष्ठ कौन्सिलाचे अतिरिक्त सभासद ६० झाले, व ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. बहुमत मात्र सरकारीच राहिलें. ह्या नव्या हक्काचा पहिला मोठा उपयोग गोखल्यांनीं आपल्या इलाख्याच्या बाहेरच्या लोकांसाठीं केला. गिरमिटावर मजूर म्हणून समुद्रापार नेलेल्या हिंदी लोकांत तामीळ, तेलुगु व बिहारी यांचा भरणा मोठा होता. पांच वर्षांच्या करारांत काम सोडणें हा त्यांच्याकरितां फौजदारी गुन्हा ठरे व त्यास तुरुंगवास होई. १९१० सालीं नाताळकडे होणारी मजूरभरती बंद करण्याविषयींचा गोखल्यांचा ठराव सरकारनें मान्य केला, व पुढील वर्षीं ती बंद झाली. १९१२ सालीं त्यांनीं ही पद्धतिच सर्वस्वी नाहींशी करण्याचा ठराव आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनीं पडला. त्याच वर्षीं ते दक्षिण आफ्रिकेंत जाऊन गांधीजींच्या लढ्याची प्रत्यक्ष स्थिति पाहून आले.

परंतु त्यांच्या जिवाभावाचें कार्य म्हणजे प्राथमिक शिक्षण. १९११ च्या खानेसुमारींत शंभर पुरुषांत सुमारें अकरा व शंभर स्त्रियांत सुमारें एक एवढेच लोक लिहितां वाचतां येणारे निघाले. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ पासून साऱ्या राज्यांत शिक्षण सक्तीचें केलें होतें. मग ब्रिटिश सरकारास तें कां जमूं नये, असा गोखल्यांचा प्रश्न होता. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं आपलें बिल मांडलें. तें फार जपून लिहिलेलें होतें. जेथें मुलें अगोदरच बऱ्याच प्रमाणांत शाळेंत जातात, अशाच भागांत स्थानिक संस्थेनें प्रांतिक सरकारच्या परवानगीनें सक्ती लागू करावी. वयोमर्यादा ६ ते १० वर्षें, आणि आरंभीं मुलांपुरतीच; मुलींचा विचार मागाहून. ज्या आईबापांची मासिक प्राप्ति १० रुपयांपेक्षां कमी, त्यांस फी माफ. आज आपणांस हें फारच थोडें वाटेल, आणि मुलींस मागें ठेवलें ही तर उणीवच. परंतु एवढेंही त्या सभागृहास पेलवलें नाहीं. खर्च फार होईल असें सरकार म्हणे. गरीब मुलें शाळेंत गेलीं तर शेतावर व घरकामास कोण मिळेल, अशी कुरकुर मोठ्या जमीनदारांतून निघे. एक वर्ष गोखले गांवोगांव मत जागें करीत हिंडले. १९ मार्च १९१२ रोजीं मत घेतलें गेलें. बाजूनें १३, विरुद्ध ३८. पराभव होणार हें त्यांस आधींच ठाऊक होतें. तरी दोन दिवसांच्या वादविवादांत प्रत्येक आक्षेपाचें उत्तर त्यांनीं असें दिलें, कीं जणूं एका मतानें बिल तरणार आहे.

मधुमेहानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. तशाही स्थितींत सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन कमिशनवर ते काम करीत राहिले. १९१४ सालीं देऊं केलेला सर हा किताब त्यांनीं आदरपूर्वक नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. वय ४८ वर्षें. अंत्ययात्रेच्या वेळीं लोकमान्य टिळकांनीं त्यांच्याविषयीं गौरवाचें भाषण केलें. व गांधीजी त्यांस आपले राजकीय गुरु मानीत.

त्यांच्या मागें काय झालें, तें पाहिल्यावांचून हें चरित्र पुरें होत नाहीं. गिरमिटाची मजूरभरती १९१७ सालीं थांबली. १९१८ सालीं मुंबईच्याच कौन्सिलांत विठ्ठलभाई पटेल यांनीं नगरपालिकांच्या हद्दींत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिला कायदा. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली, आणि ज्यांच्या वतीनें गोखले बोलत होते त्या शेतकऱ्यामजुरांनीं, स्त्रीपुरुषांनीं, स्वतःच्या हातानें मत दिलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. मतदाराचें वय प्रथम २१ होतें, तें १९८९ पासून १८ झालें. आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास व मुलीस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेनें २००९ सालीं संमत करून तो १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. कलकत्त्याच्या सभागृहांत ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलेली गोष्ट पूर्ण होण्यास जवळजवळ एक शतक लागलें.

विद्यार्थिमित्रहो, ह्यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या काळीं प्रतिनिधीस मूठभर लोकांनीं पाठविलें, त्या काळीं त्यानें कोट्यवधींचें दुःख स्वतःचें मानिलें, रात्री जागून आंकडे जुळविले, चुकलें तेथें माफी मागितली, आणि पराभवाची खात्री असतांही काम टाकलें नाहीं. आज त्याच जागीं जाणाऱ्यास लक्षावधि लोक मत देतात. मग त्याच्याकडून आपण किती अधिक अपेक्षा करावी! तुमचे आईबाप मतदानास जातात, तेव्हां उमेदवाराची जात, गोत, मेजवानी न पाहतां, पाण्याच्या, शाळेच्या व मजुरीच्या प्रश्नावर सभागृहांत त्यानें पूर्वीं काय विचारलें, कोणते आंकडे मांडले, एवढें विचारून पाहावें. लोकसभेच्या कामकाजाची नोंद छापून प्रसिद्ध होत असते. ती पाहण्याचा अधिकार सर्वांस आहे. आपल्या वर्गांतून दरसाल कांहीं मुलेंमुली अठरा वर्षांचीं होतात. गोखल्यांना ज्यांच्या मताचा आधार कधींच मिळाला नाहीं, त्या लोकांचींच तीं नातवंडें-पणतवंडें आहेत. आणि आतां मत त्यांच्या हातीं आहे.